भंडारदऱ्याला कॅम्पर व्हॅन कुठं लावावी?

प्रश्न: भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन मे एंडला काजवे बघायला भंडारदऱ्याला चाललोत, पोरं अन् आई सोबत आहे. तळ्याच्या एकदम काठावरची जागा घ्यावी का? — एक वाचक, जालना

उत्तर: दादा, काठाचा मोह सोडा. आर्थर लेकच्या, म्हणजे तिथल्या तळ्याच्या, कडेला फोटो भारी येतात पण काजव्यांच्या टायमाला वळवाचा एक पाऊस झाला की माती अशी होते की जड गाडीचं चाक फिरतंय अन् गाडी जागची हलत नाही, म्हणून थोडी वरची, मुरूम टाकलेली, सपाट जागा बघा, उतारावर लावली तर रात्रभर सगळे एका बाजूला घरंगळणार (आईंना तर झोपच नाही). बुक करायच्या आधी जागेच्या मालकाला फोन करून विचारा की आतला रस्ता किती रुंद, गाडी वळते का, खाली लोंबणाऱ्या फांद्या आहेत का, अन् एसी लावायचा तर 16 अँपिअरचा प्लग लागतो, बल्बचं एक्स्टेंशन दाखवलं तर पुढं चला. सांडपाणी तळ्यात सोडायचं नाही हं, शोषखड्डा पाहिजेच. संगमनेर, अकोले, राजूर असे या, डिझेल संगमनेरलाच भरा, अन् शनिवार टाळा, लई गर्दी असते.