ड्रायर गुणगुणतो, पण फिरत नाही

परभणीच्या एक ताई लिहितात: माझ्या लग्नातलं, वीसेक वर्षांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. पाऊस लागल्यावर ड्रायर लावला, तर नुसता ‘हूंऽऽ’ करतो, फिरत नाही. मिस्त्री म्हणतात मोटर जळाली, नवी टाका.

ताई, एवढ्यात पैसे देऊ नका. मोटर जळाली की करपल्याचा वास सुटतो, फ्यूज उडतो, नाहीतर मशीन साफ गप्प होतं. तुमची गुणगुणतेय, म्हणजे बहुधा वाइंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) शाबूत आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात दोरीवरचे कपडे तासाभरात कडक वाळतात, त्यामुळे ड्रायर चार-चार महिने पडून राहतो आणि तेवढ्यात ब्रेक गंजून चिकटतो.

आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मागचं कव्हर उघडलं की ड्रायरच्या मोटरवर गोल ड्रम दिसेल, त्याला ब्रेक टेकलेला असतो. वरच्या झाकणापासून एक तार तिथवर येते. झाकण लावलं की तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो, उघडलं की पकडतो. झाकण लावून ड्रम हाताने फिरवा. घट्ट लागला तर ब्रेक पुरता सुटत नाहीये, तार एक खाच वर घ्या. ब्रेक आणि ड्रममध्ये बारीक फट दिसली की झालं. मात्र तार जास्त ओढू नका. झाकण उघडूनही टोपली फिरत राहिली, तर आत घातलेला हात मुरगळेल.

ड्रम अलगद फिरतो आणि तरी वीज दिल्यावर नुसतं गुणगुणणं चालतं, तर कंडेन्सर, म्हणजे मोटर सुरू करून देणारी छोटी डबी, गेलाय. त्याच्यावर मायक्रोफॅरडचा आकडा असतो, नवा तेवढ्याचाच घ्या. काही मशिनींत वॉशर आणि ड्रायर दोन्हींचे कंडेन्सर एकाच डबीत असतात, म्हणून जुना सोबत घेऊनच दुकानात जा. काढण्याआधी त्याच्या दोन टोकांना साध्या बल्बच्या वायरी काही सेकंद लावा. प्लग काढल्यावरही तो झटका देऊ शकतो.

उदगीरहून प्रश्न: ड्रायरखाली पाणी ठिबकतं. सहा महिन्यांत रबरी सील दोनदा बदललं.

पाणी बोअरचं आहे ना? मग दोष सीलचा नाही, शाफ्टचा, म्हणजे टोपली फिरवणाऱ्या दांड्याचा आहे. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर शाफ्टवर बसतो. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो, आणि नवं रबर तोच थर खातो. व्हिनेगरचं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग घासून शाफ्ट गुळगुळीत करा आणि त्यानंतरच सील बसवा. कानस लावू नका. ठिबक थेट मोटरवर पडते, त्यामुळे हे काम लांबवू नका.

जालन्याहून: मशीनवरची माहितीची प्लेट निघून गेली आहे, मशीन किती जुनं ते कसं कळेल?

मोटर आणि कंडेन्सरवर छापलेली तारीख शोधा. कंडेन्सर कधी बदलला असेल, तर मोटरवरचीच खरी माना.

छत्रपती संभाजीनगरहून: भंगारातून अमेरिकी टंबल ड्रायर (गरम हवेने कपडे वाळवणारं मशीन) घेतला. प्लेटवर 120/240 व्होल्ट, 60 हर्ट्झ लिहिलंय. इथे चालेल का?

थेट लावलात तर मोटर जळेल. तिकडे घरात 120 व्होल्टच्या दोन तारा आणि न्यूट्रल येतो. दोन तारांवर मिळून हीटरला 240 आणि एका तारेवर मोटरला 120. आपल्याकडे एकच फेज, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. हीटर आपल्या विजेवर आरामात चालेल, मोटरला मात्र ट्रान्सफॉर्मर लागेल. तो 120चा नाही, 100 व्होल्टचा घ्या, कारण 60 हर्ट्झची मोटर 50वर पूर्ण व्होल्टेज घेतली की तापते. वेगही कमी होईल, मिनिटाला 1725 ऐवजी 1440 फेऱ्यांच्या आसपास. हवेचा पंखा त्याच मोटरवर असतो, म्हणजे वाराही कमी, म्हणून लिंटची (कपड्यांतून सुटलेल्या तंतूंची) जाळी दर वेळी साफ करा. लिंट साचला की आग लागते.

सगळ्यात मोठा धोका मागच्या टर्मिनलपाशी आहे. तीन पिनच्या जुन्या अमेरिकी ड्रायरमध्ये न्यूट्रल आणि बाहेरचा पत्रा एका पट्टीने जोडलेले असतात. आपल्याकडे वायरी उलटसुलट लागल्या तर सगळा पत्राच जिवंत होईल. जाणत्या वायरमनकडून ती पट्टी काढून घ्या आणि पत्र्याला वेगळं अर्थिंग द्या. तोवर त्याला प्लग लावू नका.