जपानी टायपिंगसाठी स्वस्तातला लॅपटॉप घेताना

जपानी कीबोर्डच हवा, हा नवख्यांचा पहिला गैरसमज. तो डोक्यातून काढ. विंडोजमध्ये जपानी आयएमई, म्हणजे रोमन अक्षरांवरून जपानी लिपी उमटवणारं साधन, फुकट असतं. सेटिंगमध्ये भाषा जोडायची की झालं. रोमन अक्षरांत एच-ए-एस-एच-आय टाइप कर, स्पेस दोनदा दाब, 'हाशी' या उच्चाराच्या कांजींची (चिनीतून आलेल्या जपानी अक्षरांची) यादी उघडते: पूल, जेवणाच्या काड्या, कड. हवी ती निवडून एंटर. स्वस्तातल्या लॅपटॉपवर बहुधा 'सिंगल लँग्वेज' विंडोज असतं. घाबरू नको, ते बंधन मेनूच्या भाषेला आहे, टायपिंगला नाही.

पैसे घालायचे ते स्क्रीनवर. १९२०×१०८० पेक्षा कमी घेऊ नको. १३६६×७६८ वर बारीक कांजीच्या रेघा एकमेकांत मिसळतात आणि डोळे दुखतात ते वेगळंच. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी पुरे. ग्राफिक्स कार्डावर एक रुपया नको.

बेळगावच्या खडेबाजारात जुना लॅपटॉप बघणार असशील तर:

- एसएसडीऐवजी संथ हार्डडिस्कवाला असला तर सोडून दे
- स्पेसबार आणि एंटर दहादा दाबून बघ, कांजीत त्यांचाच जास्त वापर होतो
- बॅटरी तिथंच चालवून बघ. खानापूरकडं लाइट जाते, तुला माहीत आहेच

मराठी, कन्नड, इंग्रजी आणि वर जपानी, सगळ्या भाषा विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून बदलतात. बाकीचे शॉर्टकट आत्ता नकोत. आधी हिरागाना, म्हणजे जपानीची उच्चारानुसार लिहायची साधी लिपी, टाइप करायला लाग.