थ्रो-इन घेताना पाय लाइनवर पडला, मग चूक कुणाची?

प्रश्न : मुलीच्या शाळेची बास्केटबॉलची मॅच होती, शेवटचं एक मिनिट राहिलेलं आणि आम्ही दोन पॉइंटनं मागं. आमच्या पोरीनं साइडनं थ्रो-इन घेतला, म्हणजे कोर्टाबाहेरून बॉल आत टाकायला घेतला, बूट पांढऱ्या लाइनवर होता म्हणून रेफ्रींनी शिट्टी मारून बॉल समोरच्यांना दिला. त्याआधी समोरच्या पोरीनं बॉल आत टाकला आणि एक पाय बाहेर असतानाच परत पास घेतला, तेव्हा मात्र शिट्टी नाही. बरोबर काय? — एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोन्ही वेळा रेफ्रींचंच चुकलं की हो. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात बाउंड्री लाइन कोर्टात धरतच नाहीत, 28 बाय 15 मीटरचं माप घेतात ते लाइनच्या आतल्या कडेपासून, म्हणजे लाइनवर उभी असलेली पोरगी बाहेरच उभी आहे आणि थ्रो-इन बाहेरूनच घ्यायचा असतो, मग शिट्टी कशाला? बॉल हातात असताना पाय लाइन ओलांडून आत टेकला तर व्हायोलेशन, म्हणजे नियमभंग, मग बॉल समोरच्यांना, तिथूनच. आपल्याकडं घोटाळा होतो तो व्हॉलीबॉल-बॅडमिंटनमुळं, तिथं लाइनवर पडलं की इन, तेच डोक्यात बसलेलं असतं, त्यात एकाच सिमेंटच्या ग्राउंडवर तीन खेळांच्या तीन रंगांच्या लाइनी!

आता दुसऱ्या पोरीचं. बॉल सुटला की तीच 5 सेंटीमीटरची लाइन वैरीण होते बघा. एक पाय आत आणि दुसरा बाहेर किंवा नुसता लाइनवर, तरी ती पोरगी बाहेरच, तिनं परत आलेला पास धरला की बॉल आउट. बाहेरून उडी मारून हवेत धरला तरी आउटच, कारण शेवटचा पाय जिथं टेकला होता तिथलीच ती धरतात.

थ्रो-इन घेणाऱ्याचा हात लाइनीवरून आत गेला तर चालतं, पण म्हणून डिफेंडरनं हातातल्या बॉलला हात लावायचा नाही, आधी वॉर्निंग, नंतर टेक्निकल फाउल. आणखी एक, बाजूला सरकायला एकूण 1 मीटर मिळतो, सरळ मागं कितीही जा म्हणतो नियम, पण आपल्याकडं मागं कंपाउंडची भिंत आणि भिंतीवर पाय सोडून भडंग खाणारी पोरं, जायचं कुठं! अशा ठिकाणी, म्हणजे लाइनीमागं 2 मीटर मोकळी जागा नसेल तर, बाकीच्यांनी थ्रो-इन घेणाऱ्यापासून 1 मीटर लांब राहायचं असतं, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं, कॅप्टननं मॅचच्या आधीच रेफ्रींना नीट शब्दांत सांगून ठेवावं.

प्रश्न : आम्ही बास्केट केल्यावर समोरच्या टीमची दोन पोरं एंडलाइनच्या (बास्केटमागच्या लाइनीच्या) बाहेर जाऊन आपापसात पास करत होती, असं चालतं का? — अकरावीतला खेळाडू, सातारा

उत्तर : चालतं मित्रा, बास्केट पडल्यावर किंवा शेवटचा फ्री थ्रो आत गेल्यावर एंडलाइनमागं पळताही येतं. फक्त 5 सेकंद दोघांत मिळून, पहिल्याच्या ताब्यात बॉल आला तिथून मोजायचे. हे 5 सेकंद 1892 मध्ये छापलेल्या, हा खेळ शोधणाऱ्या नेस्मिथच्या 13 नियमांतसुद्धा होते, फक्त तेव्हा बाहेर गेलेला बॉल जो आधी पकडेल त्याचा, काय ढकलाढकली होत असेल! साइडनं थ्रो-इन असेल तर मात्र हे बाहेरच्या बाहेर पास चालत नाहीत, आणि आत उभ्या असलेल्या पोराला बॉल नुसता हातात देऊ नका, टाकावाच लागतो.