झोप चाळवली, एवढंच

बाय,

तुझा मेसेज रात्री साडेबाराला आला होता, मी सकाळी वाचला. तू अनुवाद करतेयस त्या समुपदेशकांच्या पुस्तिकेत ‘अराउजल’ हा इंग्रजी शब्द (arousal, म्हणजे जागं होणं, चेतवलं जाणं) अकरा ठिकाणी आलाय आणि तू अकराही ठिकाणी ‘उत्तेजना’ लिहून मोकळी झालीस. मग एका पानावर ‘बाळाची उत्तेजना’ असं काहीतरी तयार झालं आणि तू घाबरलीस. बरं झालं. मी घाबरलो नव्हतो.

तरुणपणी पणजीत एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत मी अनुवाद करायचो. काही लहान मुलं गाढ झोपेतून अर्धवट उठतात, रडतात, आईलाही ओळखत नाहीत. इंग्रजीत त्याला ‘कन्फ्यूजनल अराउजल’ म्हणतात. मी कोश उघडला, पहिला दिसला तो अर्थ उचलला आणि ‘बालकांमधील संभ्रमित कामोत्तेजना’ असं ठळक टायपात छापून आलं. सकाळी नऊला एका डॉक्टरबाईंचा फोन. ओरडल्या नाहीत त्या. एवढंच विचारलं, “तुमच्या घरात लहान मूल आहे का हो?”

म्हणून सांगतो, आधी बघ: कोण जागं होतंय? कोश नंतर.

झोपेच्या तपासणीत मेंदूच्या लहरींची लय अचानक बदलते, निदान 3 सेकंद बदललेली राहते आणि त्याआधी किमान 10 सेकंदांची झोप असते, तेव्हा एक अराउजल मोजतात. माणूस उठून बसेलच असं नाही. पहाटे पोदेर, म्हणजे आपला पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत वाड्यातून जातो, आपण कूस बदलतो आणि परत झोपतो. तुझी आई याला काय म्हणते? ‘झोप चाळवली.’ झाला की अनुवाद! भूक चाळवते, झोप चाळवते, वासनाही चाळवते. आपल्याकडे क्रियापद पडून आहे आणि आपण नाम शोधत बसतो. कुतूहल जागं होतं, राग चेतवला जातो आणि संशय तर नुसता येतो, त्याला ‘उत्तेजित’ कशाला करायचं?

मानसशास्त्राच्या प्रकरणात मात्र नाम लागेलच. तिथे ‘उद्दीपन’ लिही. पण जपून. संस्कृत रसशास्त्रात उद्दीपन विभाव म्हणजे चांदणं, उपवन, वारा, म्हणजे भावाला फुंकर घालणारं बाहेरचं कारण. तुझ्या पुस्तिकेत उद्दीपन ही आतली अवस्था आहे. कारणाला ‘चेतक’ म्हण आणि दोन्ही शेवटपर्यंत वेगळे ठेव. कोण जागं होतंय आणि कोण जागवतंय, ही गल्लत नको.

यर्कस आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा 1908 चा प्रयोग तू धड वाचलेला नाहीस, अनुवादावरून कळतं. उंदरांना उजळ-अंधाऱ्यातला फरक शिकवायचा होता, चुकलं की विजेचा झटका. काम सोपं असताना जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकले, अवघड असताना मध्यम झटकाच बरा ठरला. ते दोघे बोलत होते चेतकाच्या तीव्रतेबद्दल. त्यावर ‘अराउजल’चं लेबल नंतरच्यांनी लावलं. जत्रेतल्या नाटकात तू उभी राहिली आहेसच ना? पडद्यामागे हात गार, छाती धडधडतेय. तेवढी धडधड हवी. त्याहून वाढली की पाठ असलेलं वाक्यही प्रॉम्प्टरकडून घ्यावं लागतं. तिथे ‘उत्तेजना’ लिहिलंस तर वाचक भलतंच समजेल.

खरं तर त्या बिचाऱ्या शब्दाचा दोष नाही. 1894 साली पुण्यात स्थापन झालेली संस्था पुढे ‘ग्रंथोत्तेजक’ म्हणून ओळखली गेली, तेव्हा कुणी हसलं नाही. नाट्यस्पर्धेत आपण ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस अजून टाळ्यांत घेतो. ‘उत्तेजना’ तेवढी आपण बिघडवली.

आता माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा वाईट. त्या फोननंतर मी इतका धसका घेतला की पुढे कित्येक वर्षं ‘अराउजल’ कुठेही आला तरी ‘जागृती’ लिहायचो. लैंगिक आरोग्याच्या सदरातसुद्धा. पुरवणी घरोघरी जाते, आजोबा वाचतात, असं स्वतःला समजावत असे. ते अगदीच खोटंही नव्हतं, तू त्या काळी नव्हतीस. पण एका वाचक बाईने विचारलं होतं की मनात नसताना शरीराने प्रतिसाद दिला, तर ती आपली संमती धरायची का? तज्ज्ञांचं मूळ उत्तर स्वच्छ होतं: नाही, शरीराचा प्रतिसाद म्हणजे इच्छा नव्हे आणि संमती तर नव्हेच. मी तिथे लिहिलं ‘शारीरिक जागृती स्वाभाविक असते’ आणि पुढचं वाक्य जागेअभावी कापलं. जागा होती.

तुझ्या पुस्तिकेत सातव्या प्रकरणात नेमका हाच मुद्दा आहे. तिथे ‘लैंगिक उत्तेजना’ असंच लिही, सरळ. आणि ‘ती उत्तेजित झाली’ असं नको, ‘तिच्या शरीराने प्रतिसाद दिला’ असं लिही. कोण जागं झालं? शरीर. ती नाही. हे वाक्य कोणी सौम्य करायला सांगितलं तर माझ्याकडे पाठव, मी भांडतो.

अकरा जागा पुन्हा कर आणि रविवारी फोंड्याला ये. छापील कागद आण, मोबाइलवर मला वाचता येत नाही.

तुझा,
काका