कॅसल म्हणजे किल्ला, गढी की वाडा?

प्रश्न असा आला आहे: आयर्लंडमधल्या एका जुन्या कॅसलचं हॉटेल झालं, त्यावर मराठीत लिहायचं आहे. 'किल्ल्यात मुक्काम' असं लिहिलं तर वाचक बुचकळ्यात पडतात. मग गढी म्हणावं, वाडा म्हणावं की सरळ कॅसलच ठेवावं?

वाचक बुचकळ्यात पडणारच. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर, तट, पाण्याची टाकी आणि शिबंदी येते. किल्ल्यावर राजा राहत असेलही, पण जागा मुळात लष्कराची. कॅसल हे मुळात सरदाराचं घर, फक्त बंदोबस्त करून बांधलेलं. आयर्लंडात १५व्या-१६व्या शतकांत असे उभट दगडी मनोरे शेकड्यांनी उभे राहिले. खाली कोठार, वर राहायच्या खोल्या, अंगाला घासणारा गोल जिना, जाड भिंतीत जंग्या, म्हणजे आतून मारा करायच्या अरुंद फटी. देशमुख-जहागीरदारांची गढी पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. साहित्य वेगळं, आपली पांढऱ्या मातीची तर त्यांची दगडाची, पण कारण एकच. त्यामुळे अशा मनोऱ्याला मी बिनदिक्कत गढी म्हणेन.

मात्र हॉटेल झालेला प्रत्येक कॅसल गढी नसतो, आणि खरी मेख इथेच आहे. गॉलवे परगण्यातल्या कोनेमारा भागातलं बॅलिनाहिंच कॅसल घ्या. नावाचा आयरिश अर्थ 'बेटाचं गाव'. तिथल्या तळ्यातल्या चिमुकल्या बेटावर ओ'फ्लॅहर्टी घराण्याचा जुना मनोरा आहे, ती खरी गढी. हॉटेल तिथे नाहीच. ते आहे नदीकाठच्या दुसऱ्या इमारतीत, आणि ती १८व्या शतकात मार्टिन घराण्याने चक्क प्रवाशांसाठी उतारशाळा म्हणून बांधली होती! पुढे तिचं राहतं घर झालं. पाहुण्यांसाठी बांधलेली वास्तू फिरून पाहुण्यांकडेच गेली, मधल्या काळात 'कॅसल' हे भारदस्त नाव तेवढं चिकटलं.

या मार्टिनांपैकी रिचर्ड मार्टिन यांनी १८२२ साली ब्रिटिश संसदेत गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा मंजूर करून घेतला. जनावरांना मारणाऱ्या कुळांना ते बेटावरच्या त्या मनोऱ्यात कोंडत, असं सांगतात. गढीचा कोंडवाडा, पण माणसांसाठी! सुमारे दोन लाख एकरांची ही जमीनदारी बटाट्याचं पीक गेल्याने पडलेल्या दुष्काळात बुडाली. रिचर्ड यांचे चिरंजीव थॉमस कुळांना भेटायला क्लिफ्डेनच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना काम देऊन ठेवायच्या आश्रयगृहात गेले, तिथे त्यांना दुष्काळी ताप लागला आणि १८४७ मध्ये ते वारले. मालमत्ता विमा कंपनीकडे गेली, तिच्याकडून १८७२ मध्ये बेरिज या लंडनच्या दारूउत्पादकाकडे.

त्यानंतरचा मालक आपल्या ओळखीचा आहे. ज्यांच्या नावाने रणजी करंडक, तेच नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी. १८९६ मध्ये मँचेस्टरला इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत ६२ आणि नाबाद १५४ करणारे. त्यांनी १९२४ मध्ये हे घर घेतलं ते सामन माशांच्या नादाने. नदीकाठी गळ टाकून बसायला धक्के आणि झोपड्या बांधल्या, बाग लावली, उन्हाळा तिथेच काढू लागले. १९३३ साली ते जामनगरला वारले. १९४६ मध्ये आयर्लंडच्या पर्यटन मंडळाने जागा घेतली आणि हॉटेल सुरू झालं.

तेव्हा इथे मी 'वाडा' लिहीन. छपरावर तटासारख्या दातेरी चऱ्या काढल्या म्हणून काही किल्ला होत नाही. 'राजवाडा' मात्र नको, फार तर रणजींच्या कारकिर्दीपुरता. मेयो परगण्यातल्या ॲशफर्ड कॅसलची गोष्ट निराळी. मूळ बांधकाम १२२८चं, डी बर्गो घराण्याचं. त्याला १८५२ नंतर बिअरवाल्या गिनेस कुटुंबाने ऐसपैस इमारती जोडल्या आणि १९३९ मध्ये हॉटेल झालं. तिथे 'गढीभोवती वाढलेला वाडा' असं लांबलचक लिहावं लागलं तरी चालेल, एका शब्दात ते बसत नाही.

विशेषनामाला मात्र हात लावू नये. लेखात वाडा, गढी काहीही म्हणा. नाव 'बॅलिनाहिंच कॅसल' असंच राहू द्या. नाहीतर वाचक खोली आरक्षित करायला बसेल आणि 'बॅलिनाहिंच वाडा' त्याला जन्मात सापडायचा नाही.