सार फुटतं, मासा तुटतो

या वेळचे सगळे प्रश्न एकाच पातेल्यातले आहेत: नारळाच्या रसातलं माशाचं सार.

प्रश्न : माशाच्या साराच्या पाककृतीत सगळीकडे ‘अंदाजाने’ लिहिलेलं असतं. चौघांसाठी नेमकं प्रमाण आणि क्रम सांगाल का? (नाशिक)

सुरमईच्या बोटभर जाडीच्या तुकड्या अर्धा किलो, मध्यम आकाराचा एक नारळ, बेडगी मिरच्या 7-8, धणे एक चमचा, हळद अर्धा चमचा, लसणाच्या 5-6 पाकळ्या, छोटा कांदा अर्धा, आमसुलं 5-6, हिरव्या मिरच्या दोन आणि खोबरेल तेल एक मोठा चमचा.

तुकड्यांना मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा. मिरच्यांच्या बिया झटकून त्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. नारळ खवताना पाठीचा काळपट भाग येऊ देऊ नका, त्याने सार मळकट दिसतं. खवलेल्या खोबऱ्यातलं मूठभर बाजूला काढून मिरच्या, धणे, हळद, कांदा आणि दोन लसूण पाकळ्यांबरोबर गंधासारखं बारीक वाटा. बोटांच्या चिमटीत चोळल्यावर रवाळ लागलं तर अजून वाटायचं. उरलेलं खोबरं एक वाटी कोमट पाण्यात मिक्सरमधून काढून फडक्यातून पिळा, हा दाट रस. तोच चोथा दोन वाट्या पाण्यात पुन्हा फिरवून पिळा, हा पातळ रस. दोन्ही वेगवेगळे ठेवा. सार जमणार की नाही, ते बरंचसं इथेच ठरतं.

तेलात उरलेला लसूण ठेचून घाला, तांबूस झाला की वाटप दोन मिनिटं परता. मग पातळ रस आणि चिरलेल्या हिरव्या मिरच्या घालून पाच-सहा मिनिटं चांगलं उकळू द्या. मिरचीचा कच्चा वास इथेच जायला हवा, नंतर संधी नाही. आता आच मंद करा, तुकड्या एका थरात सोडा आणि आमसुलं टाका. पाच मिनिटांनी दाट रस ओता, पातेलं दोन्ही हातांनी धरून गोल हलवा. कडेला वाफ धरली, बारीक बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद करून झाकण ठेवा. मासा आतल्या उष्णतेवर शिजून पुरा होतो. मासा घातल्यावर पळी भांड्यात घालूच नका, तुकड्या मोडण्याचं पहिलं कारण तेच असतं. मीठ सर्वांत शेवटी चाखून घाला, कारण आमसुलं खारवलेली असतात.

सार म्हणजे भाताबरोबर ओरपायचं, पळीवरून सहज सांडणारं. घट्ट हवं असेल तर तो आमटीचा बेत झाला. त्यासाठी पूर्ण नारळ वाटपातच घाला, गाळू नका.

प्रश्न : दाट रस घातला की सार फुटतं. वर तेल तरंगतं, खाली पाणी राहतं. नारळ जुना होता का? (ठाणे)

नारळाचा यात थोडाच दोष. खोबऱ्याच्या रसात तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले असतात आणि त्यांना वेगळं ठेवण्याचं काम त्यातली प्रथिनं करतात. रस खदखदला की प्रथिनं गोठून गोळा होतात, थेंब एकमेकांना चिकटतात आणि तेल वर येतं. आंबटपणाही हेच करतो. म्हणून चिंचेचा कोळ आधी घालून उकळायचा, दाट रस शेवटी. उलट क्रमाने केलं तर हमखास फुटतं. चिंचेपेक्षा आमसुलं इथे जास्त सुरक्षित, कारण ती हळूहळू आंबट सोडतात. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरत असाल तर एका वेळी एकच चमचा, गॅस बंद केल्यावर.

आणखी एक कारण म्हणजे फ्रिजमधला गारढोण रस उकळत्या सारात ओतणं. रस बाहेर काढून आधी सामान्य तापमानाला येऊ द्या, त्यात दोन पळ्या सार मिसळा आणि मग पातेल्यात ओता. वाटप करताना चमचाभर भिजवलेले तांदूळ घातले तर सार एकजीव राहतं, कोकणात आणि गोव्यात बऱ्याच घरांत ही सवय आहे. फुटलेलं सार वाचवायचं असेल तर मासे अलगद काढून घ्या, सार थोडं निववून मिक्सरमधून फिरवा आणि चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर मिसळा. चव तीच राहील, रूप मात्र पूर्ववत होत नाही.

वर चोथा आणि खाली पाणी असं दिसत असेल, तर ते फुटणं नव्हे. वाटप भरड राहिलं आहे, पाणी कमी घालून पुन्हा वाटा.

प्रश्न : तिरफळं कोणत्या माशाला घालायची? किती? (पनवेल)

बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांना. पापलेट किंवा सुरमईत ती माशाची चव मारून टाकतात. सहा बांगड्यांना 8-10 वाळलेली तिरफळं पुरे. आतली काळी बी काढून टाका, ती कडू असते. साल थोड्या पाण्यात हलकेच ठेचून त्या पाण्यासकट सारात सोडा. ती मिक्सरमध्ये वाटू नका. जीभ बधिर होते आणि सार कडवट लागतं. तिरफळाच्या सारात कांदा-लसणाची फोडणी नको. नुसतं वाटप, आमसुलं, मासा, वरून चमचाभर कच्चं खोबरेल.

प्रश्न : आमच्याकडे समुद्राचा मासा ताजा मिळत नाही. रोहू घेतला तर सार मातकट लागतं. (नागपूर)

पाण्यातल्या शेवाळातून व जिवाणूंतून येणारं जिओस्मिन नावाचं द्रव्य माशाच्या चरबीत साठतं, त्याचा हा वास. आम्लात ते मोडतं. पोटातली काळी त्वचा पूर्ण खरवडून काढा, तुकड्यांना लिंबाचा रस आणि मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा, मग धुवा. साराला चिंच जरा सढळ हाताने घाला. मरळ मिळत असेल तर तोच घ्या, त्याला काटेही कमी.

प्रश्न : इथे ओला नारळ बरा मिळत नाही. डब्यातलं नारळाचं दूध चालेल? (न्यू जर्सी)

चालेल. गोड केलेलं क्रीम मात्र नको. 400 मिलीचा डबा उघडून वरचा घट्ट थर दाट रस म्हणून बाजूला ठेवा, उरलेल्यात दीड पट पाणी घालून पातळ रस करा. काही डब्यांत गवार गम असतो, ते सहजी फुटत नाही. वाटपाला गोठवलेला खवलेला नारळ कोमट पाण्यात मोकळा करून वापरा. कॉड घेणार असाल तर चार मिनिटांवर एक सेकंद नको, त्याच्या पाकळ्या सुटतात.

प्रश्न : बांगड्याचं सार खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल झालं, डोकं दुखलं. मासा उकळलेला होता. (रत्नागिरी)

बांगडा, कुपा (टूना), तारली असे मासे उन्हात किंवा बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. वासावरून ते ओळखता येईलच असं नाही. घेताना कल्ले लालभडक, डोळे पारदर्शक आणि मांस दाबल्यावर वर येणारं पाहा. मासळी बर्फावर नसेल तर घेऊ नका, घरी येताच साफ करून फ्रिजमध्ये टाका. श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे जा. असाच त्रास इतर मासे खाल्ल्यावरही होत असेल तर ती अॅलर्जी असू शकते, तपासून घ्या.

प्रश्न : उरलेलं सार किती टिकतं? (डोंबिवली)

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आमसुलं काढून; राहिली तर सार रात्रभरात फार आंबट होतं. दुसऱ्या दिवशी संपवा. आधी मासे बाजूला काढून सार हलवत कडकडीत वाफेपर्यंत गरम करा, मग मंद आचेवर मासे सोडून तेही आतपर्यंत गरम करा. या वेळी थोडं तेल सुटलं तर सुटू द्या. बांगड्याचं सार दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं, पापलेटचं त्याच दिवशी खाल्लेलं बरं.