वाचक विचारतात: कंपन्यांच्या आधी चिंचवडमध्ये काय होतं?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही तीन वर्षांपूर्वी लातूरहून रहाटणीला राहायला आलो, मिस्टर चाकणला कंपनीत आहेत. मुलगा सहावीत आहे, त्याला शाळेतनं 'माझं शहर' असा प्रोजेक्ट दिलाय. सोसायटीत विचारलं तर सगळे म्हणतात इतिहास सगळा पुण्याला, इथं नुसत्या कंपन्या. खरंय का हे? आणि दर पावसाळ्यात मोरया गोसावींच्या देवळात पाणी शिरल्याचे व्हिडिओ येतात, मग देऊळ नदीच्या इतकं काठावर बांधलंच कशाला?

उत्तर: देवळापासनंच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं तिथनंच निघतं. मोरया गोसावी मूळ मोरगावच्या मयूरेश्वराचे भक्त, तिथं त्यांच्याभोवती फार गर्दी व्हायला लागली म्हणून ते शांत जागा बघून पवनेकाठी येऊन राहिले असं परंपरा सांगते, आणि त्यांनी संजीवन समाधी घेतली तीही नदीकाठीच. समाधी जिथं तिथंच देऊळ होणार ना, ते उचलून दुसरीकडे कसं नेणार! आत्ताचं दगडी देऊळ १६५८-५९ च्या सुमाराचं आहे. आपण गणपतीत 'मोरया' म्हणून ओरडतो तो मोरया म्हणजे हेच असं मानतात, आणि अजूनही भाद्रपदात आणि माघात इथनं मोरगावला पालखी जाते. पाणी वर पवना धरणातनं सोडलं की येतं, पूर्वीही पुराचं पाणी समाधीपर्यंत यायचंच, पण आता दोन्ही काठांनी राडारोडा आणि भराव टाकून नदी जी आवळलीय त्यानं ते लवकर चढतं आणि आसपासच्या घरांतही शिरतं. मी चिंचवडगावातच वाढले, लहानपणी आजी मला घाटावर घेऊन जायची आणि पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडायची. आज उन्हाळ्यात त्याच पायऱ्यांपुढं जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो, पाणी दिसतच नाही, आणि ते बघून मला खरंच रडू येतं.

मुलाला देवळापासनं चालत चापेकर वाड्यात घेऊन जा. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर इंग्रज प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली ते दामोदरपंत चापेकर चिंचवडचे. प्लेगच्या वेळी गोरे सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेत होते त्याचा तो राग होता. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव, तिघंही सख्खे भाऊ फासावर गेले, आणि त्यांच्याबरोबर महादेव रानडे. चापेकर चौकातनं रोज हजारो गाड्या जातात, किती जणांना हे माहीत असेल!

आता कंपन्या. त्यांनाही इतिहास आहेच की, आणि तो मला तितकाच मोठा वाटतो. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, सरकारचा औषधांचा पहिला कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं मदत केली होती आणि इथं पेनिसिलिन बनायला लागलं. हॅमायसीन नावाचं बुरशीवरचं औषध इथंच शोधलं गेलं, त्याच्या नावातला 'हॅ' हा कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांवरनं आलाय, हे प्रोजेक्टमध्ये नक्की घाला. त्याच्याही आधी फाळणीनंतर सिंधमधनं निघालेली माणसं पिंपरी कँपात येऊन राहिली, सगळं गमावून आलेल्या या लोकांनी जी बाजारपेठ उभी केली तिथं आज आपण लग्नाची खरेदी करतो. मग साठच्या दशकात एमआयडीसी आली, भोसरी, आकुर्डी, टेल्को (आत्ताची टाटा मोटर्स), बजाज, आणि सांगली, सातारा, मराठवाडा, विदर्भ सगळीकडनं माणसं आली. माझे बाबाही असेच आले, फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट, आमच्या घरात दिवस शिफ्टनं मोजायचे. १९७० ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरीची मिळून नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका. जनगणनेत २००१ ला दहा लाख माणसं, २०११ ला सतरा लाखांच्या वर, म्हणजे तुमच्यासारखेच बाहेरनं आलेले बहुतेक, तेव्हा 'माझं शहर' म्हणायला मुलानं अजिबात संकोच करू नये.

आणि एवढ्या सगळ्यांना पाणी कुठलं? तर मुख्यतः पवनेचंच. धरणातनं नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात. हेच पाणी बंद पाइपलाइननं थेट धरणातनं आणायचं ठरलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेस वेवर बऊरजवळ पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तिघं गेले. नळ सोडताना ही गोष्ट मुलांना माहीत असावी असं मला फार वाटतं, सहावीचं पोर लहान नसतं.

प्रश्न: आमच्या पत्त्यात 'चिंचवड, पुणे ४११०३३' असं लिहितात, मग आम्ही पुण्यातच ना? महापालिका वेगळी कशी?

उत्तर: पोस्टाच्या आणि जिल्ह्याच्या हिशेबानं पुणे, कारभाराच्या हिशेबानं वेगळं. टॅक्स, पाणी, कचरा सगळं पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे, आणि १५ ऑगस्ट २०१८ पासनं पोलीस आयुक्तालयही वेगळं झालंय. पुण्याचं उपनगर म्हटलं की आमच्या गावातली जुनी माणसं अजून चिडतात आणि मला त्यांचं पटतं. नदीसुद्धा आपली वेगळी आहे, पवना पार खाली दापोडी-सांगवीपाशी मुळेला मिळते, तोपर्यंत ती आपलीच. रहाटणीवाल्या ताईंनाही सांगते, रविवारी सकाळी थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्यावर जा, तुमच्या घरापासनं जवळ आहे, आणि मुलाला वही-पेन्सिल घेऊन तिथंच बसवा.